संकेतस्थळाची कसोटी : चाचणी-साधनांचे गुणदोष

सोलापूर शहरालगतच्या दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी या गावाची ओळख गेल्या दोन दशकांत बदलून गेली आहे. विडी कामगार महिलांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेने येथे उभारलेल्या १० हजार घरांच्या गोदुताई परुळेकर वसाहतीतील घरे १ सप्टेंबर २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते कामगारांच्या स्वाधीन करण्यात आली. त्यानंतर याच परिसरात असंघटित कामगारांसाठी रे नगर हा ३० हजार घरांचा प्रकल्प हाती घेण्यात आला आणि त्यातील १५ हजार घरांचे हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर काम करणाऱ्या, फेरी करून माल विकणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या कुटुंबांची ही वस्ती होय. मराठीबरोबरच तेलुगू, कन्नड आणि दखनी या भाषाही येथे घरोघर बोलल्या जातात.

घर मिळाल्यानंतर अशा कुटुंबाचा शासनाशी येणारा संबंध हा मुख्यत्वे अर्जाचा असतो. शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, मुलांची शिष्यवृत्ती, अनुदान या प्रत्येकासाठी अर्ज करावा लागतो. पूर्वी हा अर्ज खिडकीवर दिला जात असे; आज त्याची जागा बहुतांशी संकेतस्थळाने घेतली आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकास प्राप्त झाला आहे. ही मुदत परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून मोजली जाते. परंतु ‘सादर करा’ ही कळ दाबूनही अर्ज पुढे गेलाच नाही, तर मुदतीचा पहिला दिवस उजाडतच नाही. नागरिकाजवळ अर्जाचा क्रमांक नसतो आणि कार्यालयाच्या दप्तरी विलंबही नोंदला जात नाही. विडी कामगार महिलेची मजुरी हजार विड्यांच्या दराने ठरते. सेवा केंद्राच्या दारात गेलेला तिचा दिवस म्हणजे तेवढ्या विड्या वळावयाच्या राहिल्या.

म्हणूनच शासकीय संकेतस्थळ लोकांसाठी खुले करण्यापूर्वी ते कसे तपासले गेले, हा प्रश्न केवळ संगणक-अभियंत्यांचा राहत नाही. निविदेच्या अटी लिहिणारे अधिकारी, सेवा केंद्रावर देखरेख ठेवणारे पंचायत सदस्य आणि विद्यार्थ्यांचे अर्ज भरून देणारे शिक्षक या सर्वांनाच तो विचारता आला पाहिजे. या तपासणीसाठी आज जी साधने वापरली जातात, त्यांपैकी प्रत्येकात काही मिळते आणि त्याच्या मोबदल्यात काही सोडावे लागते. हा व्यवहार नेमका कसा असतो, याची माहिती येथे देण्यात येत आहे.

हाताने तपासणे का पुरत नाही ?

संकेतस्थळ पाहण्यासाठी संगणकात किंवा फोनमध्ये जो कार्यक्रम वापरला जातो, त्यास ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी ही त्याची प्रचलित उदाहरणे. एकच पान या निरनिराळ्या ब्राउझरांत किंचित निराळे वागू शकते. समजा, एखाद्या योजनेच्या अर्जात अर्जदार महिला विवाहित, अविवाहित, विधवा, घटस्फोटित किंवा परित्यक्ता असे ५ प्रकार आहेत. पान मराठी व इंग्रजी अशा २ भाषांत आहे. ते ३ ब्राउझरांत आणि संगणक व फोन अशा २ उपकरणांवर चालावयाचे आहे. एवढ्यानेच ६० फेऱ्या होतात. एका फेरीस १० मिनिटे धरली तरी १० तास लागतात. पुढच्या आठवड्यात अर्जातील एखादा रकाना बदलला की हे १० तास पुन्हा सुरू. अशा वेळी माणूस साहजिकच दोन-चार फेऱ्या करून ‘सर्व ठीक आहे’ असा शेरा मारतो.

स्वयंचलित चाचणीत हे काम संगणकाकडेच सोपविले जाते. चाचणीचा कार्यक्रम स्वतः ब्राउझर उघडतो, रकान्यांत मजकूर भरतो, कळ दाबतो आणि पानावर जे दिसावयास हवे तेच दिसते काय, हे ताडून पाहतो. विडी कारखान्यात चेकर जशी वळलेली विडी पाहून खराब माल छाट म्हणून बाजूला काढतो, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की हा चेकर थकत नाही आणि त्याला जे पाहावयास सांगितले आहे त्यापलीकडे एक विडीही तो पाहत नाही. ही दुसरी बाब अनेकदा विसरली जाते.

सेलेनियम : योग्य मार्गाने जाणारा कागद

या क्षेत्रातील एक जुने आणि आजही मोठ्या प्रमाणावर वापरात असलेले साधन म्हणजे सेलेनियम. थॉटवर्क्स या कंपनीत काम करणाऱ्या जेसन हगिन्स यांनी २००४ मध्ये त्याचा प्रारंभ केला. त्या काळी चाचणी-साधनांच्या बाजारात मर्क्युरी, म्हणजे पारा, या नावाची कंपनी प्रबळ होती. पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हे मूलद्रव्य उतारा मानले जाते, म्हणून हे नाव, असा त्यामागील विनोद सांगितला जातो. पुढे सायमन स्टुअर्ट यांनी तयार केलेली वेबड्रायव्हर ही पद्धती त्यात मिळविण्यात आली आणि जून २०१८ मध्ये वेबच्या मानकांचे काम पाहणाऱ्या डब्ल्यू-३-सी या आंतरराष्ट्रीय संस्थेने तिला अधिकृत मानकाचा दर्जा दिला.

या मानकाचे महत्त्व असे की, ब्राउझर हाकणारा ‘चालक’ हा प्रत्येक ब्राउझरचा निर्माताच पुरवितो. क्रोमचा चालक गूगलकडून येतो, सफारीचा ॲपलकडून, फायरफॉक्सचा मोझिलाकडून. चाचणीचा आदेश प्रथम या चालकाकडे जातो, चालक तो ब्राउझरला देतो, उत्तरही त्याच वाटेने परत येते. शासकीय कार्यालयात कागद ‘योग्य मार्गाने’ पाठविण्याची जी पद्धत आहे, तिच्याशी हे पुष्कळसे जुळते. तिचे लाभही तेच आणि दोषही तेच. लाभ हा की, नागरिक वापरतो तोच खरा ब्राउझर तपासला जातो; जावा, पायथन, सी शार्प, रुबी, जावास्क्रिप्ट यांपैकी कोणत्याही भाषेत चाचणी लिहिता येते; आणि एखादी कंपनी उद्या बाजूला झाली तरी मानक शिल्लक राहते. दोष हा की, प्रत्येक लहानशा आदेशासाठी जाण्यायेण्याची खेप पडते आणि पान उघडल्यावर मागाहून येणारा मजकूर दिसेपर्यंत थांबण्याची व्यवस्था चाचणी लिहिणाऱ्याला स्वतः करावी लागते.

हे ‘थांबणे’ वरवर क्षुल्लक वाटते, पण सेलेनियमच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तेथेच आहे. तालुक्याची निवड केल्यानंतर गावांची यादी यावयास दोन सेकंद लागत असतील आणि चाचणी एका सेकंदात ‘कुंभारी’ शोधू लागली, तर गाव सापडत नाही आणि चाचणी नापास होते. पुन्हा चालविली की उत्तीर्ण होते. अशी लहरी चाचणी नसलेलीच बरी, कारण काही दिवसांनी कर्मचारी तिच्या नापासाकडे लक्षच देईनासे होतात. सेलेनियममध्ये यावर उपाय आहेत. मात्र ते वापरण्यासाठी अनुभवी हात लागतो.

आणखी एका बाबतीत सेलेनियमला आजही तोड नाही. इंटरनेट एक्सप्लोरर हा जुना ब्राउझर मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी निवृत्त केला. तथापि त्याच्यासाठीच बांधलेली काही कार्यालयीन पाने एज ब्राउझरमधील विशेष सोयीने अद्याप उघडावी लागतात. अशी पाने सेलेनियमने हाकता येतात. नव्या साधनांनी हा वारसा घेतलेला नाही.

प्लेराइट, सायप्रेस आणि पपेटिअर

क्रोमच्या गटाने २०१७ मध्ये पपेटिअर हे साधन खुले केले. ते प्रामुख्याने क्रोमसाठी घडविलेले असून अलीकडे फायरफॉक्सही त्यात आला आहे. पानाची प्रतिमा घेणे, पानावरून पीडीएफ तयार करणे अशा कामांस ते सुटसुटीत आहे. दाखल्याची छापील प्रत नीट निघते काय, एवढेच पाहावयाचे असेल तर पपेटिअर पुरेसे होय. संपूर्ण चाचणी-व्यवस्था मात्र त्यात तयार मिळत नाही, ती भोवती उभारावी लागते.

प्लेराइट हे मायक्रोसॉफ्टचे साधन जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. पपेटिअरवर काम केलेल्या काही अभियंत्यांनीच ते घडविले. येथे प्रत्येक आदेशासाठी नवी खेप पडत नाही; चाचणी आणि ब्राउझर यांच्यामध्ये एक वाहिनी सतत उघडी असते, जणू फोन एकदा लावला आणि काम संपेपर्यंत खाली ठेवलाच नाही. कळ दाबण्यापूर्वी ती दिसते आहे काय, स्थिर आहे काय, दाबण्याजोगी आहे काय, हे प्लेराइट आपणहून पाहते आणि तोवर थांबते. त्यामुळे वर सांगितलेला लहरीपणा पुष्कळ कमी होतो. चाचणी कोठे अडली, त्या क्षणी पान कसे दिसत होते, याचा तपशीलवार माग ते जपून ठेवते. नव्याने काम सुरू करणाऱ्या पथकाला हे साधन सोयीचे वाटते, यात नवल नाही.

या सोयीची किंमत अशी. प्लेराइट सामान्यतः स्वतःबरोबर आणलेले ब्राउझर वापरते. त्यातील वेबकिट हा सफारीचा पाया असला तरी तो म्हणजे आयफोनवरील सफारी नव्हे. फायरफॉक्सही थोडा बदललेला असतो. संगणकावरील खरा क्रोम आणि एज मात्र त्यास चालविता येतो. फोनची तपासणी करताना ते पडद्याचा आकार, स्पर्श आणि ब्राउझरची ओळख यांची नक्कल करते. नक्कल उपयुक्त असते, परंतु त्या नकलेमागे कार्यालयातील वेगवान संगणक असतो. रे नगरातील चार-पाच वर्षे वापरलेला, साठवण भरत आलेला, पडदा तडकलेला फोन नसतो.

सायप्रेसची रीत या सर्वांहून वेगळी आहे. २०१७ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले हे साधन ब्राउझरच्या बाहेरून हुकूम सोडत नाही, तर पान ज्या ब्राउझरमध्ये उघडते त्याच्या आतच जाऊन बसते. म्हणून त्याला पानाच्या पोटातील सारे दिसते. चाचणीच्या प्रत्येक पायरीवर मागे जाऊन तेव्हाचे पान पाहता येते आणि शिकणाऱ्यास ते फार लवकर हाताशी येते. मात्र आत बसलेल्यास बाहेरचे कमी दिसावे, हे ओघानेच आले. चाचणी केवळ जावास्क्रिप्ट वा टाइपस्क्रिप्टमध्येच लिहावी लागते. एकाच वेळी दोन टॅब हाताळता येत नाहीत. एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी २०२२ अखेर स्थिर झालेली खास आज्ञा वापरावी लागते. वेबकिटचा आधार प्रायोगिक स्वरूपाचा आहे.

शासकीय अर्जांच्या संदर्भात हा मुद्दा फार महत्त्वाचा ठरतो. आपला अर्ज बहुधा एका संकेतस्थळावर संपत नाही. कागदपत्रांसाठी तो डिजिलॉकरकडे जातो, शुल्कासाठी ‘ग्रास’ या शासकीय भरणा प्रणालीकडे आणि तेथून बँकेच्या पानाकडे जातो, मग परत येतो. या ये-जा करणाऱ्या प्रवासासाठी सेलेनियम किंवा प्लेराइट अधिक सरळ पडते. एकाच पानावरील गुंतागुंतीच्या अर्जासाठी, तो घडविणाऱ्या पथकाच्या रोजच्या वापरास, सायप्रेस उत्तम आहे. ‘सर्वांत चांगले साधन कोणते’ हा प्रश्न जेव्हा निविदेपूर्व बैठकीत विचारला जातो, तेव्हा त्याआधी ‘अर्ज कोठकोठे फिरून येतो’ हे कागदावर काढून पाहणे इष्ट ठरेल.

चाचणी जेथे डोळे मिटते

साधनांची ही तुलना जाणकारांमध्ये सतत चालू असते. परंतु या सर्व साधनांना समान असलेली एक मर्यादा आहे, आणि नागरिकाच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची आहे.

अर्ज भरताना माणूस हमखास थबकतो अशा दोन जागा आहेत. एक म्हणजे वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहावयाचा कॅप्चा, आणि दुसरी फोनवर येणारा ओटीपी. कॅप्चाचा हेतूच मुळी यंत्राला बाहेर ठेवण्याचा असल्यामुळे चाचणीच्या वातावरणात तो बंद करून ठेवतात. ओटीपी नागरिकाच्या फोनवर जातो. चाचणी-कार्यक्रमाच्या हाती तो सहसा नसतो, म्हणून चाचणीपुरता एखादा ठरावीक आकडा मान्य केला जातो. म्हणजे ज्या दोन दारांशी नागरिक अडतो, ती दोन्ही दारे चाचणीसाठी उघडी ठेवलेली असतात. अहवालात सर्व फेऱ्यांपुढे हिरवी खूण येते, आणि ती खोटी नसते. ती फक्त त्या दारांविषयी काही सांगत नाही.

‘मुख्यमंत्री – माझी लाडकी बहीण’ या २०२४ मध्ये सुरू झालेल्या योजनेत सप्टेंबर २०२५ पासून लाभार्थी महिलांना संकेतस्थळावर ई-केवायसी करण्यास सांगण्यात आले. प्रथम स्वतःचा आधार क्रमांक आणि त्यास जोडलेल्या फोनवरील ओटीपी. नंतर पती वा वडील यांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या फोनवरील ओटीपी, असा तो क्रम होता. प्रारंभी १८ नोव्हेंबर २०२५ पर्यंत असलेली मुदत पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविण्यात आली. ज्यांचे पती आणि वडील हयात नाहीत किंवा ज्यांचा घटस्फोट झाला आहे, अशा महिलांसाठी संबंधित कागदपत्रे स्वतंत्रपणे सादर करण्याची तरतूदही पुढे करण्यात आली. या उदाहरणातून चाचणीसंबंधी एक गोष्ट स्पष्ट होते. दोन आधार क्रमांक दिले की प्रक्रिया पूर्ण होते काय, हे कोणतेही साधन उत्तम रीतीने तपासू शकेल. दुसरा क्रमांकच नसलेली महिला या पानावर आली तर काय व्हावे, हे मात्र कोणी तरी माणसाने आधी लिहून द्यावे लागते. ते लिहून देण्यास संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही. गावातील अंगणवाडी सेविकेस किंवा ग्रामपंचायत सदस्येस हे प्रसंग तोंडपाठ असतात. चाचणीचे प्रसंग ठरविताना अशा व्यक्तींना एक दुपार बोलावून घेतले, तर साधनाच्या निवडीवर केलेल्या महिन्याभराच्या चर्चेपेक्षा अधिक हाती लागेल.

फेरचाचणीच्या सवयीसंबंधीही येथेच सांगितले पाहिजे. नापास झालेली चाचणी आपोआप पुन्हा चालविण्याची सोय या साधनांत किंवा त्यांच्या जोडीच्या व्यवस्थेत मिळते आणि दुसऱ्या वेळी उत्तीर्ण झाल्यास एकूण निकाल उत्तीर्ण धरला जातो. तंत्रज्ञांच्या दृष्टीने हे सोयीचे असेल. पण एखाद्या वस्तीतील महिलेच्या वाट्याला ती पहिली, फसलेली फेरीच आली, असे सहज घडू शकते. अहवाल मागविताना पहिल्याच फेरीत किती चाचण्या उत्तीर्ण झाल्या, हा आकडा वेगळा मागवावा.

मराठी अक्षरे आणि अंक

मराठी संकेतस्थळाच्या चाचणीत काही अडचणी खास आपल्या लिपीच्या आहेत. परदेशात लिहिलेल्या मार्गदर्शिकांत त्या सहसा आढळत नाहीत. ‘कऱ्हाड’ किंवा ‘गोऱ्हे’ यांतील ‘ऱ’ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठविले जाऊ शकते : एकाच संकेताने, अथवा ‘र’ आणि त्याखालील नुक्ता अशा दोन संकेतांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. निव्वळ संकेत ताडून पाहणारी चाचणी मात्र त्यांना दोन वेगळे शब्द समजते आणि नागरिकाचे नाव शिधापत्रिकेतील नावाशी जुळत नाही, असे सांगणारा कार्यक्रमही नेमकी हीच चूक करतो. दोन्ही बाजूंचा मजकूर एका रूपात आणून मगच तुलना करणे, हा त्यावरील उपाय सर्वमान्य आहे. तो अंमलात आला काय, हे पाहण्यास ‘ऱ’ असलेले एक नाव चाचणीत ठेवले की पुरते.

अंकांचेही तसेच आहे. वयाच्या रकान्यात कोणी ‘४२’ असे देवनागरीत लिहिले, तर पायथन ही भाषा ती संख्या म्हणून स्वीकारते. ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट स्वीकारत नाही. परिणामी एकाच अर्जाचा एक भाग वय मान्य करतो आणि दुसरा अमान्य करतो. शिवाय चाचणी-साधने रकान्यात तयार अक्षरे टाकतात. माणूस फोनच्या कळफलकावर बोलून लिहितो, किंवा रोमन अक्षरांत टंकून सुचविलेला मराठी शब्द निवडतो. या उमटत जाणाऱ्या अक्षरांनी काही पाने गोंधळतात. हा दोष यांत्रिक चाचणीत दिसणे कठीण. तो हातात खरा फोन घेतल्यावरच दिसतो.

कळा कशा ओळखावयाच्या, हाही विचार महत्त्वाचा आहे. ‘वरून तिसरी कळ’ अशी खूण चाचणीत लिहिली, तर पानात एक ओळ वाढताच ती चुकते. ‘सादर करा असे लिहिलेली कळ’ अशी खूण ठेवल्यास नागरिकास जे दिसते तेच तपासले जाते आणि प्लेराइटच्या मार्गदर्शनात याच पद्धतीस प्राधान्य आहे. यात एक तोटा संभवतो : उद्या कोणी ‘सादर करा’ऐवजी ‘अर्ज पाठवा’ केले की चाचण्या अडतात. तरीही शब्द बदलला हे कोणाच्या तरी नजरेस येणे, हा तोट्यापेक्षा लाभच म्हणावा.

खरा फोन आणि भाड्याचा फोन

खऱ्या फोनवर चाचणी चालविण्यासाठी ॲपियम हे साधन आहे. त्याची भाषा सेलेनियमच्याच मानकावर बेतलेली असल्याने सेलेनियम जाणणाऱ्यास ते परके वाटत नाही. प्रत्येक कार्यालयाने शंभर प्रकारचे फोन विकत घ्यावेत, हे अर्थातच व्यवहार्य नाही. या गरजेतून जे उद्योग उभे राहिले, त्यांतील एक अग्रगण्य नाव महाराष्ट्रातील आहे. रितेश अरोरा आणि नकुल अगरवाल या मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये शिकलेल्या दोघांनी २०११ मध्ये ब्राउझरस्टॅक ही कंपनी सुरू केली. खरे फोन आणि खरे ब्राउझर स्वतःच्या केंद्रांत मांडून ते इंटरनेटवरून चाचणीसाठी भाड्याने देणे, हा तिचा व्यवसाय. सेलेनियम, प्लेराइट, सायप्रेस, ॲपियम या साऱ्यांच्या चाचण्या तेथे चालविता येतात. देशात अशी सेवा देणाऱ्या इतरही कंपन्या आहेत.

येथे दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते. ही चारही साधने मुक्त असून मूळ साधनास पैसे पडत नाहीत; भाड्याच्या फोनांना मात्र पडतात आणि अंदाजपत्रकात त्याची वेगळी तरतूद करावी लागते. दुसरी गोष्ट म्हणजे, चाचणीत खऱ्या नागरिकांचे आधार क्रमांक वा नावे वापरली जाऊ नयेत. अशी माहिती बाहेरच्या फोनवर जाणे हे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या दृष्टीने गंभीर आहे. चाचणीसाठी काल्पनिक माहितीचा संच तयार करण्यास दोन-तीन दिवस लागतात. ‘खरीच यादी वापरू, काम लवकर होईल’ ही सूचना बैठकीत आली, तर ती तेथेच थांबविली पाहिजे.

मंद इंटरनेटची नक्कलही करता येते. परंतु ती सोय या साधनांत मुख्यतः क्रोम-कुळातील ब्राउझरपुरती आहे. सायप्रेस मूळ मांडणीनुसार एखादी वस्तू पानावर दिसण्याची ४ सेकंद वाट पाहते. कार्यालयातील जोडणीवर ४ सेकंद पुष्कळ झाले. संध्याकाळी, सारी वस्ती कामावरून परतून फोन हाती घेते त्या वेळी, ते अपुरे पडू शकतात. ही मुदत वाढविणे सोपे आहे. पण नागरिकाला किती सेकंद थांबावयास लावणे रास्त, हे आधी ठरवून मगच ती वाढवावी. चाचणी उत्तीर्ण व्हावी एवढ्यासाठी नव्हे.

शेवटच्या तारखेची गर्दी

योजनेच्या अंतिम तारखेस संकेतस्थळावर जी झुंबड उडते, तिची चाचणी या साधनांनी घेता येत नाही. एकेक ब्राउझर उघडण्यास संगणकाची बरीच शक्ती लागते; असे हजारो ब्राउझर एका वेळी उघडणे खर्चाचे आणि निरर्थक आहे. त्यासाठी जेमीटरसारखी, ब्राउझर न उघडता थेट मागण्या पाठविणारी निराळी साधने आहेत. काही निविदांत ‘स्वयंचलित चाचणी’ या एकाच शब्दाखाली दोन्ही कामे गृहीत धरली जातात आणि प्रत्यक्षात पहिलेच होते. भारचाचणीचा उल्लेख अटींत स्वतंत्र ओळीत, एकाच वेळी किती अर्जदार येतील त्या अपेक्षित संख्येसह असावा.

अपंग व्यक्तींच्या वापरासंबंधीही असेच आहे. शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्र शासनाने प्रसृत केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत सुगम्यतेवर भर आहे. चित्रास पर्यायी मजकूर आहे काय, रकान्यास नाव आहे काय, हे यंत्र पाहू शकते. पान वाचून दाखविणाऱ्या कार्यक्रमाच्या आधारे दृष्टिहीन व्यक्तीस अर्ज खरोखर पूर्ण करता येतो काय, हे त्या व्यक्तीनेच सांगावे लागते.

करार संपल्यावर

साधन निवडताना एक व्यावहारिक प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी येतो; तो आधी यावयास हवा. संकेतस्थळ बांधणाऱ्या संस्थेचा करार संपल्यावर या चाचण्या कोण चालविणार ? ब्राउझरांच्या नव्या आवृत्त्या काही आठवड्यांच्या अंतराने येतच राहतात आणि आज चालणारे पान उद्याच्या आवृत्तीत अडखळू शकते. कार्यालयाकडे वा जिल्ह्याच्या माहिती-तंत्रज्ञान कक्षाकडे जावा जाणणारी माणसे असतील, तर केवळ नवेपणासाठी जावास्क्रिप्टपुरते साधन घेणे अडचणीचे ठरेल. माणसे नव्यानेच नेमावयाची असतील आणि जुन्या पानांचे ओझे नसेल, तर प्लेराइटपासून प्रारंभ करणे आज अधिक सयुक्तिक दिसते. त्यात पायथन आणि जावा या भाषांचीही सोय आहे. मात्र महिन्यातून एकदा तरी निवडक चाचण्या खऱ्या, स्वस्त अँड्रॉइड फोनवर चालवाव्या लागतील. सेलेनियमच्या शेकडो चाचण्या आधीच उभ्या असतील, तर त्या मोडून नव्याने लिहिण्यापेक्षा त्यांतील लहरी चाचण्या दुरुस्त करणे बहुधा स्वस्त पडते. कोणतेही साधन असो, चाचण्यांचा मूळ मजकूर आणि काल्पनिक माहितीचा संच ही कार्यालयाची मालमत्ता असून ती करारान्ती हस्तांतरित केली जाईल, अशी अट करारात असणे आवश्यक आहे.

राहता राहिला सेवा केंद्र आणि ग्रामपंचायत यांचा भाग. ‘साइट चालत नाही’ एवढ्या तक्रारीवरून कोणत्याही अभियंत्यास दोष शोधता येत नाही. अर्ज अडला ती वेळ, फोन वा ब्राउझरचे नाव, कोणत्या रकान्याशी वा कळेशी अडला, आणि पडद्यावर आलेला संदेश शब्दशः, एवढे टिपून ठेवले तर तीच नोंद जशीच्या तशी नव्या चाचणीत उतरविता येते. संदेश उतरविण्यापेक्षा पडद्याचे छायाचित्र काढणे सोपे, हे खरे. परंतु त्यात अर्जदाराचा आधार क्रमांक दिसत असल्यास तो झाकूनच छायाचित्र पुढे पाठवावे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणाऱ्या शिक्षकांकडे अशा अनुभवांचा मोठा साठा असतो. सेवा केंद्रातील टेबलावर यासाठी एक साधी वही ठेवली आणि तालुका स्तरावरील आढावा बैठकीत ती उघडली गेली, तरी पुढील आवृत्तीच्या चाचण्यांना आवश्यक ते प्रसंग तेथूनच मिळू लागतील.